गुलाबाईचा फेर घेऊन परगावी स्पर्धेला जाताना

परगावच्या स्पर्धेचं पत्रक आलं की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, साडी कोणती नेसायची?" मी सांगते, साडी राहू द्या, आधी पत्रक मोठ्याने वाचा. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मिनिटं किती दिलीत? ती पडदा उघडल्यापासून मोजणार की पहिला सूर लागल्यापासून? कलाकारांच्या आकड्यात वादक धरलेत का? गाणं तोंडाने म्हणायचं की रेकॉर्ड चालते? रंगमंच किती बाय किती? पत्रकात नसेल ते त्याच दिवशी फोन करून विचारायचं आणि वहीत लिहायचं, कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं त्यासकट. आयत्या वेळी तिथे वाद झाला तर ती वहीच कामाला येते.

मी गेली अकरा वर्षं गल्लीतल्या आणि जवळच्या खेड्यांतल्या बायकांना घेऊन गुलाबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशात पोरी महिनाभर जिच्या मूर्तीपुढे गातात त्या देवीच्या, गाण्यांवर टिपऱ्यांचा फेर बसवते. नाचणाऱ्या बारा, वादक तीन (ढोलकी, पेटी, झांज) आणि मदतीला दोघी, असा आमचा सतरा जणांचा संसार. सगळ्यात लहान पोरगी १९ वर्षांची, सगळ्यात मोठ्या जिजी ६१ वर्षांच्या. नागपूर, पुणे, मुंबई केली. काही ठिकाणी नंबर आला, काही ठिकाणी नाही. पहिल्यांदाच गावाबाहेर निघणाऱ्या बायकांसाठी हे लिहिते आहे.

आठ मिनिटांत काय घ्यायचं

गुलाबाई आमच्याकडे भाद्रपदी पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. महिनाभर रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गुलाबाई आणि तिचे पती गुलोजी यांच्या मातीच्या मूर्तींपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. एकेका घरी अर्धा-पाऊण तास सहज जातो. स्पर्धेत मिळतात आठ मिनिटं, कधी सहाच.

पहिल्या वर्षी आम्ही सहा गाणी कोंबली. प्रत्येकीला आपल्या आजीचं गाणं हवं होतं आणि मला कोणाला नाही म्हणवेना. गाणं सुरू होतं न होतं तोच दुसरं, त्यात बघणाऱ्याला काहीच लागलं नाही. आता मी तीनच घेते. एक गुलाबाई घरी आल्याचं, सावकाश चालीचं. दुसरं सासर-माहेराचं. तिसरं सगळ्यात जलद आणि त्यातच खाऊ ओळखणं. खाऊचा भाग कधीही काढू नका. डबा हलवून कानाशी नेणं, "गोड की तिखट?" असं विचारणं, चुकीचं नाव आलं की सगळ्यांनी हसणं, यातलं काहीही शिकवावं लागत नाही, बायका ते लहानपणापासून करत आल्यात. नागपूरला याच दीड मिनिटात सभागृहातली माणसं खुर्चीतून पुढे सरकली होती.

स्पर्धेत आठ मिनिटं असतील तर तालीम सव्वासात मिनिटांत बसवा. आता तुम्ही म्हणाल, रंगमंचावर तर बायका घाईने गातात, मग वेळ उरायलाच हवा. गाण्यात उरतो, पण येण्या-जाण्यात आणि टाळ्यांसाठी थांबण्यात त्याहून जास्त जातो. पेटीवाल्या भाऊंच्या समोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवायचं. साडेसहा मिनिटं झाली की ते तिसऱ्या गाण्याचा सूर धरतात, मग दुसऱ्याचं एखादं कडवं राहिलं तरी चालेल.

गाणी अहिराणीत आहेत म्हणून परीक्षकांना कळणार नाहीत, प्रमाण मराठीत करून घ्या, असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. करू नका. फक्त पडदा उघडण्याआधी एकीने अर्ध्या मिनिटात चार वाक्यं मराठीत सांगायची: ही कोणती गाणी, कधी म्हणतात, दुसऱ्या गाण्यातली लेक कोणाशी बोलते आहे. एखादा शब्द उलगडून सांगायचा. मुंबईत "मना भाऊ" ऐकून लोकांना वाटतं कोणी स्वतःच्या मनाला हाक मारतंय, म्हणून आमची सूनबाई सांगते की आमच्याकडे 'मना' म्हणजे 'माझा'. एवढं पुरतं. पुढचं सगळं गळा आणि पाय सांगतात.

गोल उघडायचा कसा

माझ्या मते सगळ्यात जास्त दिवस द्यायचे ते या कामाला. गुलाबाईचा फेर अंगणातला आहे. मधे गुलाबाई आणि भोवती पोरी, सगळ्यांची तोंडं आत. अंगणात बघणाऱ्या बायकाही चारी बाजूंनी उभ्या असतात, त्यामुळे प्रत्येकीला कोणाचा तरी चेहरा दिसतोच. रंगमंचावर बघणारे एकाच बाजूला. तोच गोल तिथे नेला की पुढच्या पाच जणींच्या पाठी दिसतात आणि मागच्या पाच जणी त्या पाठींआड जातात. आमची पहिल्या स्पर्धेची चित्रफीत घरी येऊन पाहिली तेव्हा जिजी आठ मिनिटांत दोनदाच दिसल्या. ज्यांच्या गळ्यातून अर्धी गाणी आलीत, त्या दोनदाच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गोल मोडून दोन सरळ रांगा केल्या तर मग ती कवायत दिसते. आम्ही असं करतो. गुलाबाईचा पाट मधोमध न ठेवता मागच्या पडद्यापासून तीन फुटांवर, थोडा उंचावर ठेवतो. फेर तिच्यापुढे अर्ध्या चंद्रासारखा उघडा, तोंड प्रेक्षकांकडे. गाण्याचं धृपद आलं की चंद्राची दोन्ही टोकं पुढून जवळ येतात आणि पूर्ण गोल होतो. गोल एका धृपदापुरता फिरतो आणि कडवं सुरू होताना पुन्हा उघडतो. उघडताना पुढे असलेल्या दोघी मागे जातात आणि नवीन दोघी टोकाला येतात. तीन गाण्यांत प्रत्येक जण निदान एकदा पुढे येते. कोण कधी पुढे येणार याचा तक्ता मी वहीत काढते आणि तालमीच्या भिंतीवर चिकटवते.

टिपरीची जोडी बदलताना खरी अडचण येते. गोलात उजवीकडची-डावीकडची अशी साखळी चालते, अर्ध्या चंद्रात टोकाच्या बाईला एका बाजूला जोडीदारच नसते. तिने तो ठोका स्वतःच्या दोन टिपऱ्या डोक्यावर एकमेकींवर मारून पुरा करायचा. हे सोपं वाटतं, पण हात रिकामा राहिला की बाई बावरते आणि पुढचा ठोका चुकवते. टोकाच्या दोघींना वेगळं बसवून दहा-दहा मिनिटं फक्त हेच करायला लावा: शेजारणीची टिपरी, स्वतःची, शेजारणीची, स्वतःची. मग जागा बदला, कारण पुढच्या कडव्यात दुसऱ्या दोघी टोकाला असणार.

आमच्या तालमी महादेवाच्या मंदिरासमोर फरशीवर होतात. रंगमंचाचं माप कळलं की फरशीवर फक्कीने तेवढा चौकोन आखायचा. माप कळलंच नाही तर २४ बाय १८ फूट धरून बसवा आणि एक दिवस मुद्दाम १६ बाय १२ मध्येही करून बघा. लहान जागेत टिपरी शेजारणीच्या कपाळाला लागते, ते घरीच कळलेलं बरं.

आणखी एक गोष्ट मला चौथ्या वर्षी उमगली. रोज एकाच दिशेला तोंड करून तालीम केली की बायका "पिंपळाकडे वळायचं", "दिव्याच्या खांबाकडून निघायचं" असं मनात धरून ठेवतात. परगावी ना पिंपळ असतो ना खांब. पुण्याला आमच्या दोघी दुसऱ्या गाण्यात उलट्या बाजूला निघाल्या, ते याच्यामुळे. आता मी दर दोन दिवसांनी तोंडाची दिशा बदलते. शेवटच्या आठवड्यात तर शाळेच्या पटांगणात, कोणाच्या गच्चीवर, मिळेल तिथे नेते. खुणा जोडीदारणीवरून धरायच्या: "निळ्या साडीच्या मागे निघायचं". दोन रात्री समोरून मोठा दिवा लावूनही करा. रंगमंचावर डोळ्यांवर झोत आला की पायाखालचं दिसत नाही, सवय लागते.

टिपऱ्या आणि ढोलकी

बाजारात रंगवलेल्या टिपऱ्या मिळतात, त्या दांडियाला ठीक आहेत. आमच्या सुताराने बाभळीच्या करून दिल्यात, फूटभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड, पॉलिश पेपरने घासलेल्या. जड लाकडाचा आवाज टणक येतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. टिपरी मुठीत आवळायची नाही. अंगठा आणि दोन बोटांत सैल धरली तर ती ठोक्यानंतर थरथरते आणि वाजते, आवळली तर आवाज मरतो. नवीन पोरींना मी डोळे मिटून दोन्ही आवाज ऐकायला लावते, मग सांगावं लागत नाही. तालमीच्या पहिल्या आठवड्यात अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात. तिथे कापडी पट्टी लावा, पण टिपरीला कापड गुंडाळू नका.

बारा जणींच्या २४ आणि वर सहा जास्तीच्या, अशा ३० टिपऱ्या एका पिशवीत. जास्तीच्या सहापैकी दोन पेटीशेजारी ठेवायच्या. एखादीची टिपरी तुटली तर तिने वाकून तुकडा उचलायचा नाही, पायाने बाजूला सारायचा आणि पुढच्या धृपदाला पेटीजवळून जाताना नवी उचलायची. हे तालमीत दोन-तीनदा मुद्दाम करून घ्या.

ढोलकीबद्दल जरा सविस्तर. खान्देशची हवा कोरडी आहे. इथे चढवून ठेवलेली ढोलकी मुंबईला उतरेपर्यंत ढिली पडते, कारण चामडं हवेतला ओलावा ओढतं. आम्ही काळी चारमध्ये गातो. मुंबईला पहिल्यांदा गेलो तेव्हा ढोलकी सुराखाली गेली होती, ती कड्या ठोकून ठोकून वर आणली आणि रंगमंचावर एसीच्या गार, कोरड्या हवेत ती पुन्हा भलतीच चढली. जिजींचा गळा त्या उंच सुरामागे जाताना ताणला गेला. म्हणून आता ढोलकी सुती चादरीत आणि वरून प्लास्टिकमध्ये बांधून नेतो आणि आमचा नंबर यायच्या निदान अर्धा तास आधी रंगमंचाच्या बाजूला, त्याच हवेत उघडी ठेवतो. सूर तिथेच लावायचा, मुक्कामाच्या खोलीत नाही. बसला पावसात चढताना ढोलकी कोणाच्या हातात असेल ते आधी ठरवा.

घरून निघायची तयारी

कापूस वेचणीच्या दिवसांत स्पर्धा आली तर तालीम रात्री साडेआठनंतरच होते. दिवसभर वाकून वेचलेल्या कंबरेने बाई येते, तिला आल्या आल्या नाचायला उभं करू नका. पहिली दहा मिनिटं बसून फक्त गाणी म्हणा.

दोन रात्री घराबाहेर राहायचं म्हणजे घरच्यांशी बोलणं आलं. ते बाईवर सोडू नका. मी स्वतः प्रत्येक घरी जाते, सासू-सासऱ्यांसमोर बसते, कुठे जायचं, कुठे राहायचं, कधी परत येणार हे कागदावर लिहून देते आणि माझा नंबर भिंतीवर लावून येते. ज्या घरी सुरुवातीला नाही म्हणाले होते, त्याच घरच्या आजीबाई आता दशम्या करून देतात.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि ऑनलाइन एका तिकिटावर सहा जणंच बसतात. सतरा जणांची तीन तिकिटं होतात: सहा, सहा, पाच. प्रत्येक तिकिटात एक तरी जाणती बाई असावी आणि जिजींसारख्यांना खालचा बर्थ मिळेल असं बघा. चोपड्याला रेल्वे नाही, आम्ही जळगावला जाऊन गाडी धरतो. गाडीच्या वेळेआधी दोन तास जळगावात पोचायचं असं ठरवूनच निघतो. एसटीत बायकांना निम्मं तिकीट लागतं, त्यामुळे ते परवडतंही. सामान फार असेल तर आगारात प्रासंगिक कराराच्या, म्हणजे अख्खी भाड्याने घ्यायच्या, बसची चौकशी करा. स्पर्धा सकाळी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. रात्रभर डब्यात जागून सकाळी नाचलं की तिसऱ्या गाण्यात पाय उचलत नाहीत.

प्रवासाला दशम्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या, दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, पाणी न लागलेला ठेचा, गूळ-शेंगदाणे आणि जरा कच्चट बघून घेतलेली केळी, म्हणजे दुसऱ्या दिवशी बरोबर पिकतात. भरीत नेऊ नका, कितीही मोह झाला तरी. वांगं प्रवासात उतरतं आणि सगळ्या डब्याला वास लागतो. स्पर्धेच्या दिवशी नाचायच्या दोन तास आधी दशमी आणि केळं, बस. गाणाऱ्यांना गार पाणी नाही, थर्मासमध्ये गरम पाणी आणि तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा.

सामानाचं एक तत्त्व आम्ही पाळतो: नाचाला लागणारं काहीही कोणाच्या खासगी बॅगेत नाही. साड्या, दागिने, टिपऱ्या, गुलाबाईची मूर्ती, खाऊचा डबा, सगळं चार मोठ्या पिशव्यांत, पिशवीवर नंबर आणि प्रत्येक पिशवीची एक मालकीण. मूर्ती मातीची असते म्हणून जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर न्यायची. एकदा ती सीटखाली ठेवली आणि गुलोजींचा हात गेला. रात्री मुक्कामी बसून पिठाच्या खळीने चिकटवला. खऱ्या सोन्याचं काही न्यायचं नाही, मंगळसूत्रही साधं काळ्या मण्यांचं घाला.

पाळी येण्याच्या तारखा बायका मला आधी सांगतात, आमच्यात त्याची लाज नाही. पॅडचं पाकीट दोन नंबरच्या पिशवीत असतं. कोणीही त्यामुळे फेराबाहेर बसत नाही आणि पाळी लांबवायच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता कोणी घ्यायच्या नाहीत, हे मी पहिल्याच बैठकीत सांगते.

साडी आम्ही नेसवतो, शिवलेली नऊवारी वापरत नाही. नेसलेल्या साडीचा काष्टा चालताना जसा हलतो तसा शिवलेल्या साडीचा हलत नाही. पण काष्ट्याला मागे आणि पदराला खांद्यावर सुईदोऱ्याने चार-चार टाके घालायचे. पिना निसटतात आणि पायात येतात. बारा जणींना नेसवायला दोघींना दीड तास लागतो, हा दीड तास मोजून उलटं वेळापत्रक करा. पैंजण नको, टिपरीच्या आवाजात ते मिसळतात. जोडवी गुळगुळीत फळीवर घसरतात, ती काढून पिशवीत. तळव्यांना पावडर लावायची नाही, रंगमंचावर जाण्याआधी ओल्या फडक्याने पाय पुसायचे, पकड येते.

तिथे पोचल्यावर

जेवायच्या आधी रंगमंच बघायचा. पावलांनी माप घ्यायचं, कुठे फळी वर आली आहे, कुठे वायर गेली आहे ते सगळ्यांना दाखवायचं. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची बाजू प्रत्येकीने चालून बघायची. मग ध्वनीवाल्याला भेटायचं. नम्रपणे आणि नेमकं बोलायचं: "दादा, आमच्या गाणाऱ्यांना दोन माइक हवेत. टिपऱ्यांचा आवाज आपोआप येतो, पायाजवळचा माइक बंद ठेवला तरी चालेल." एके ठिकाणी हे न सांगितल्यामुळे टिपऱ्यांचा कडकडाट एवढा आला की गाण्याचा एक शब्द पोचला नाही.

क्रमांकाची चिठ्ठी शेवटची निघाली तर बायका खचतात, लवकरची निघाली तर घाबरतात. दोन्ही वेळेला एकच करायचं, बाजूला जागा बघून गोलात बसायचं, अंगणात बसतो तसं तोंडं आत करून, आणि पहिलं गाणं हळू आवाजात एकदा म्हणायचं, टिपऱ्या मांडीवर. त्या वेळी मी कोणाला काही सुधारत नाही. जे बसायचं ते बसलेलं असतं. जिजी एकेकीच्या कपाळाला कुंकू लावतात आणि आम्ही उठतो.

उतरल्यावर निकालाआधी टिपऱ्या मोजायच्या. ३० भरल्या की पिशवीचं तोंड बांधायचं. गाडीत सगळ्या जाग्या असतानाच वहीत लिहून घ्यायचं: रंगमंच किती बाय किती होता, एसी होता का, ढोलकी किती उतरली, कोणत्या कडव्याला कोण चुकलं, परीक्षक काय म्हणाले. घरी गेल्यावर कापूस, केळी, पोरांच्या परीक्षा सुरू होतात आणि यातलं निम्मं आठवत नाही. खर्चाचा हिशेब आठ दिवसांत मांडायचा, उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या टिपऱ्यांसाठी सुताराकडे.